भिंत दीडशे मिलिमीटर सरकवा : संगणकीय आरेखनाच्या काही कामाच्या सवयी

आपल्या निवासी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट धरणारी मुले-मुली दरवर्षी असतात. त्यांपैकी काही जण आरेखक (स्थापत्य), म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडतात. पूर्वी या विद्यार्थ्याच्या खांद्यावर टी-स्क्वेअर आणि हातात गुंडाळलेला ट्रेसिंग पेपर दिसे. आज त्याच्या खिशात पेनड्राइव्ह असतो. साधन बदलले. त्या साधनाबरोबर यायला हवी होती ती शिस्त मात्र पुष्कळांपर्यंत पोहोचलेली नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे, अभियंता नाही. तरीही शाळेच्या स्मरणिकेत या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आपला एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. घरात विड्या वळून संसार चालवणारी आई, दोन लहान भावंडे, आणि हा त्या घरातला पहिला आय.टी.आय. उत्तीर्ण मुलगा. नागपूरच्या एका कार्यालयात त्याची प्रात्यक्षिक चाचणी झाली होती. दोन खोल्यांच्या घराचा नकाशा संगणकावर एका तासात काढायचा होता. त्याने तो पंचेचाळीस मिनिटांत पूर्ण केला. परीक्षकांनी नकाशा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, “छान. आता ही मधली भिंत दीडशे मिलिमीटर उजवीकडे सरकवा.”

“सर, तिथेच सगळं बिघडलं,” तो म्हणाला. भिंतीची एक रेष सरकली, दुसरी जागेवरच राहिली. दार सुट्या रेषांचे होते, त्याची चौकट एकीकडे आणि पल्ला दुसरीकडे गेला. खोलीचे माप त्याने आकडा टंकून लिहिले होते, त्यामुळे भिंत सरकल्यावरही कागदावर जुनाच आकडा राहिला. पुढची वीस मिनिटे तो दुरुस्तीच करीत होता. नोकरी मिळाली नाही.

या प्रसंगाने मला विचारात टाकले. मुलगा मंद नव्हता, आळशी नव्हता. त्याचा हात वेगवान होता. कार्यालयाला मात्र वेगाने काढलेले चित्र नको होते. बदलता येईल असा नकाशा हवा होता. घर बांधणारा मालक दहा वेळा मन बदलतो, अभियंता खांबाची जागा बदलतो, नगरपालिका समास वाढवायला सांगते. आरेखकाच्या दिवसातला मोठा भाग नवे काढण्यात नव्हे, तर काढलेले बदलण्यात जातो. म्हणून संगणकीय आरेखनातील कार्यक्षमतेची व्याख्या मी अशी करतो : बदल सांगितल्यावर जो नकाशा मोडत नाही आणि दुसऱ्याच्या हाती दिल्यावर जो त्याला कळतो, तो कार्यक्षम नकाशा.

पुढे त्या विद्यार्थ्याने जिद्दीने हे तंत्र आत्मसात केले. आज तो एका आरेखन कार्यालयात काम करतो आणि सवड मिळेल त्या रविवारी शाळेच्या संगणक कक्षात मुलांना शिकवतो. मागच्या बाकावर बसून मीही शिकलो. त्या वर्गातून हाती आलेल्या सवयी येथे मांडतो. उदाहरणे ऑटोकॅडची आहेत, कारण बहुतेक कार्यालयांत तेच वापरले जाते. लिब्रेकॅडसारख्या मोफत प्रणालीत आज्ञांची नावे वेगळी असली, तरी या सवयींचे मर्म तेच आहे.

संगणक सुरू करण्यापूर्वी

माझे थोरले बंधू जुन्या पद्धतीचे ट्रेसर होते. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेष चुकली, तर ती ब्लेडने हलकेच खरवडावी लागे. जास्त खरवडले तर कागद फाटे. त्या धाकाने माणूस आधी विचार करी आणि मग रेष ओढी. संगणकाने धाक काढून घेतला. ‘यू’ दाबले की रेष नाहीशी होते. सोय मोठी झाली, पण त्याबरोबर आधी विचार करण्याची सवयही सुटली. ती जाणीवपूर्वक परत आणावी लागते.

अस्तित्वात असलेल्या इमारतीचा नकाशा काढायचा असेल, तर काम टेपपासून सुरू होते. भिंतीवरचे प्रत्येक दार-खिडकीचे अंतर सुटे-सुटे मोजू नये. टेपचे शून्य एका कोपऱ्यावर धरून सलग मोजमाप घ्यावे : ९००, १८००, ३१५०, असे. सुट्या मापांतील लहान चुका एकत्र होऊन मोठ्या होतात, सलग मापात तसे होत नाही. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. आयताकृती खोलीचे कर्ण सारखे नसतील, तर तिचे कोपरे काटकोनात नाहीत. हे घरी परतल्यावर कळले, तर पुन्हा जाण्यात अर्धा दिवस जातो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या मोजणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेझी यांनी १८५१ मध्ये सांची येथे काम केले. त्या काळातील मोजमापे आणि रेखाटने आजही अभ्यासक उघडून पाहतात. मोजून काढलेला नकाशा हा दस्तऐवज असतो.

एकक : १२० म्हणजे किती?

सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर, म्हणजे १२० फूट आहे. मी वर्गात मुलांना विचारले, “मिलिमीटरमध्ये चालणाऱ्या फाइलमध्ये कोणी १२० टंकले, तर स्तूप केवढा होईल?” उत्तर : बारा सेंटिमीटर, चहाच्या बशीएवढा. खरा आकडा ३६,५७६ हवा.

हा विनोद नाही. फूट, मीटर आणि मिलिमीटर यांची सरमिसळ हे नवशिक्यांच्या चुकांचे मोठे कारण आहे. आपल्याकडे गवंडी ‘नऊ इंची भिंत’ म्हणतो, नकाशात ती २३० मिलिमीटर असते. ‘साडेचार इंची’ म्हणजे ११५. म्हणून नवी फाइल उघडताच ‘यू एन’ आज्ञा देऊन एकक ठरवावे आणि मग प्रत्येक वस्तू खऱ्या मापाने, एकास एक काढावी. प्रमाण, म्हणजे स्केल, हा छपाईच्या वेळचा विषय आहे; काढताना भागाकार करीत बसू नये. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये प्रथम एखादे दार ‘डी आय’ आज्ञेने मोजून पाहावे. ९०० आले तर मिलिमीटर, ०.९ आले तर मीटर. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीने पुढचा मनस्ताप टळतो.

एकक, लेयर, अक्षरांची शैली, मापांची शैली आणि कागदाची चौकट हे सर्व एकदा ठरवून ती फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करावी. पुढचे प्रत्येक काम तिथूनच सुरू करावे.

लेयर : प्रत्येकाला आपली जागा

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असे समजावे. भिंती एका कागदावर, दारे-खिडक्या दुसऱ्यावर, मापे तिसऱ्यावर, अक्षरे चौथ्यावर, वीजजोडणी पाचव्यावर. वायरमनला भिंती आणि दिवे हवे असतात. त्याच्यासाठी बाकीचे कागद दडवता येतात. ‘एल ए’ या आज्ञेने लेयरची यादी उघडते.

येथे एक नियम कसोशीने पाळावा. रंग आणि रेषेची जाडी वस्तूला थेट देऊ नये. ती लेयरला द्यावी आणि वस्तू ‘बायलेयर’ ठेवावी. मग उद्या सर्व भिंती जाड दाखवायच्या असतील, तर एका ठिकाणी बदल पुरतो. सगळे शून्य क्रमांकाच्या लेयरवर काढणे म्हणजे सर्व विषयांच्या नोंदी एकाच वहीत पान सापडेल तिथे लिहिण्यासारखे आहे.

डावा हात कळफलकावर

चिन्हांच्या पट्टीवर माउस नेऊन प्रत्येक आज्ञा शोधण्यात फार वेळ जातो. उजवा हात माउसवर आणि डावा कळफलकावर, ही बैठक पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. रेषेसाठी ‘एल’, वर्तुळासाठी ‘सी’, समांतर रेषेसाठी ‘ओ’, छाटण्यासाठी ‘टी आर’, हलवण्यासाठी ‘एम’, प्रतीसाठी ‘सी ओ’, आरशातल्या प्रतिमेसाठी ‘एम आय’. रोजच्या कामाला अशा दहा-बारा आज्ञा पुरतात. आज्ञा दिल्यावर स्पेसबार. आणि तीच आज्ञा पुन्हा हवी असेल, तर पुन्हा नुसता स्पेसबार.

‘एफ ८’ कळ दाबली की रेषा आडव्या आणि उभ्याच जातात. ‘एफ ३’ने ऑब्जेक्ट स्नॅप सुरू होतो, म्हणजे माउस टोक, मध्य, छेदबिंदू अचूक पकडतो. नजरेने रेष जुळवणे कटाक्षाने टाळावे. पडद्यावर जुळलेली दिसणारी रेष मोठी करून पाहिली की फट दिसते. दोन भिंतींचा कोपरा जुळत नसेल, तर फिलेट आज्ञेत त्रिज्या शून्य ठेवावी; दोन्ही रेषा वाढून किंवा छाटून नेमक्या कोपऱ्यात मिळतात.

निवड करतानाचा एक बारकावा अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसतो. चौकट डावीकडून उजवीकडे ओढली, तर पूर्णपणे आत आलेल्या वस्तूच निवडल्या जातात. उजवीकडून डावीकडे ओढली, तर चौकटीला नुसता स्पर्श झालेल्या वस्तूही येतात.

एकदा काढा, अनेकदा वापरा

कामठी मार्गावरून नागपूरला जाताना मेट्रो आणि उड्डाणपूल यांना एकत्र पेलणारे खांब आपण पाहतो. एकासारखा एक खांब दूरवर जातो. अशा कामात प्रत्येक खांब नव्याने काढत बसणे हे वेळेचा अपव्यय करणे होय. खांब एकदा काढावा, ‘बी’ आज्ञेने त्याचा ब्लॉक करावा आणि हवा तितक्या ठिकाणी ‘आय’ने ठेवावा. मूळ ब्लॉक बदलला की सर्व प्रती आपोआप बदलतात. ही कल्पना नवी नाही. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथे ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली, तिच्यातही एक मूळ आकृती आणि तिच्याशी जोडलेल्या अनेक प्रती ही सोय होती. ऑटोकॅड बाजारात आले ते त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, १९८२ मध्ये.

दारे, खिडक्या, पलंग, बाके, संडासाचे भांडे, उत्तर दिशेचा बाण या सर्वांचे ब्लॉक करून ठेवावेत. हा संग्रह आरेखकाची खरी पुंजी असतो.

वर्तुळाकार पुनरावृत्तीचा सराव आमच्या वर्गात अशोकचक्रावर होतो. बहुतेक मुले पहिल्या दिवशी चोवीस आरे एक-एक करून काढू लागतात आणि सातव्या-आठव्या आऱ्याशी कंटाळतात. दुसऱ्या दिवशी एकच आरा काढायचा, ‘ए आर’ आज्ञेतील पोलर प्रकार निवडायचा, वर्तुळाचा मध्य दाखवायचा आणि संख्या २४ द्यायची. दर पंधरा अंशांवर एक आरा क्षणात उभा राहतो. त्या वेळी मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहण्यासाठी मी रविवारची झोप आनंदाने सोडतो.

आता ती भिंत

ज्या भिंतीने आपल्या विद्यार्थ्याची नोकरी घालवली, तिच्याकडे वळू. उपाय ‘एस’, म्हणजे स्ट्रेच या आज्ञेत आहे. आज्ञा द्यावी, उजवीकडून डावीकडे चौकट ओढून भिंत, तिच्यातील दार आणि मापांची टोके आत घ्यावीत, दिशा दाखवावी आणि १५० टंकावे. चौकटीच्या आत असलेले सर्व सरकते. चौकटीने छेदलेल्या आडव्या भिंती तेवढ्या ताणल्या किंवा आखडल्या जातात. एका खोलीचे माप १५०ने वाढते, शेजारच्या खोलीचे तेवढेच घटते.

हे घडण्यासाठी दोन अटी आहेत. कोपरे खरोखर जुळलेले हवेत आणि माप डायमेन्शनच्या आज्ञेने दिलेले हवे. मापाचा आकडा हाताने टंकणे किंवा डायमेन्शन फोडून सुट्या रेषा करणे हा मोह कायमचा सोडावा. हाताने लिहिलेले माप नकाशात खोटे बोलू शकते आणि त्या आकड्यावर विसंबून गवंडी पाया खोदतो.

बंद रेषा आणि परवानगीचा नकाशा

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. आता अनेक ठिकाणी बांधकाम परवानगीचे नकाशे ऑनलाइन सादर होतात आणि संगणकप्रणालीच त्यांची प्राथमिक तपासणी करते. अशी प्रणाली प्लॉटची हद्द, इमारतीची बाह्यरेषा, मोकळी जागा यांचे क्षेत्रफळ स्वतः मोजते. त्यासाठी त्या आकृत्या ठरवून दिलेल्या लेयरवर आणि बंद पॉलिलाइनने काढलेल्या असाव्या लागतात. माणूस तपासनीस छोट्या फटीकडे दुर्लक्ष करील. यंत्र करीत नाही.

म्हणून हद्द काढताना सुट्या रेषांऐवजी ‘पी एल’ वापरावी आणि शेवटी ‘सी’ टंकून ती बंद करावी. आधीच सुट्या रेषा असतील, तर ‘बी ओ’ आज्ञा देऊन आकृतीच्या आत क्लिक करावे, बंद पॉलिलाइन तयार होते. ती तयार झाली नाही, तर कुठेतरी फट आहे असे समजावे. ही फट शोधण्याचीही युक्ती झाली. ‘ए ए’ने क्षेत्रफळ मिळते. सादर करण्यापूर्वी ‘ओव्हरकिल’ आज्ञेने एकावर एक पडलेल्या रेषा आणि ‘पी यू’ने न वापरलेले लेयर व ब्लॉक काढून टाकावेत.

मराठी अक्षरे आणि छपाई

नकाशात ‘स्वयंपाकघर’ लिहिले आणि छापताना चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटली, हा अनुभव अनेकांचा आहे. ऑटोकॅडच्या जुन्या एस.एच.एक्स. अक्षरसंचांत देवनागरी नसते. ‘एस टी’ आज्ञेने नवी शैली करून तिला ‘मंगल’सारखा युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट द्यावा आणि मराठी मजकूर त्याच शैलीत लिहावा.

छपाई नेहमी लेआउटमधून करावी. तिथे कागदाचा आकार निवडून खिडकी, म्हणजे व्ह्यूपोर्ट, उघडावी आणि तिला १:१०० असे प्रमाण द्यावे. तीस मीटर लांबीची इमारत त्या प्रमाणात तीस सेंटिमीटर होते आणि ए-३ कागदावर बसते. छापील कागदावर अडीच मिलिमीटर उंचीची अक्षरे हवी असतील, तर १:१००च्या नकाशात मूळ उंची २५० ठेवावी. पाहण्यासाठी कोणालाही पाठवायची फाइल पी.डी.एफ. असावी. मूळ फाइल फक्त बदल करणाऱ्याला द्यावी.

फाइलची निगा

विदर्भातल्या उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. कंट्रोल-एस हा श्वासासारखा व्हावा. आपोआप जतन होण्याचा अवधी सुरुवातीला दहा मिनिटांचा असतो, तो पाचावर आणावा. फाइल बिघडली, तर शेजारी असलेल्या ‘.बी.ए.के.’ फाइलचे शेवटचे नाव बदलून ‘.डी.डब्ल्यू.जी.’ करावे, आधीचा नकाशा बहुधा परत मिळतो. पेनड्राइव्हवर थेट काम करू नये. फाइल संगणकावर घ्यावी, काम करावे, मग पुन्हा प्रत ठेवावी. ‘नवीन’, ‘शेवटचा’, ‘अगदी शेवटचा’ अशी नावे देऊ नयेत. कामाचे नाव आणि तारीख लिहावी.

चोरीच्या सॉफ्टवेअरचा मोह टाळावा. नोंदणीकृत विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क कंपनी शिक्षणासाठी विनामूल्य परवाना देते आणि लिब्रेकॅड तर सर्वांनाच मोफत आहे. ते साध्या, जुन्या संगणकावरही चालते.

शीर्षकचौकटीतील नाव

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागांची मागणी केली होती. पुस्तकी विद्येबरोबर हाताला आधुनिक कौशल्य मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. आपल्या वस्तीतल्या मुलाला संधी मिळते ती पुष्कळदा एकदाच, एका तासाची. त्या तासात त्याला ‘भिंत सरकवा’ हे शब्द ऐकून घाम फुटू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

मागील उन्हाळ्यात आमच्या रविवारच्या वर्गाने वसतिगृहाच्या जुन्या इमारतीचा नकाशा केला. मुलींनी टेप धरला, मुलांनी आकडे लिहिले, दुसऱ्या दिवशी कामे बदलली. कर्ण मोजल्यावर पूर्वेकडची खोली काटकोनात नाही हे कळले. ते आजवर कोणालाच माहीत नव्हते. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात शीर्षकचौकट असते. तिच्यात ‘आरेखन’, ‘तपासणी’ आणि ‘दिनांक’ असे रकाने असतात. ‘आरेखन’ या रकान्यात कोणाचे नाव घालायचे, असा प्रश्न मुलांनी विचारला. मी त्यांना सांचीच्या दक्षिण तोरणावरील लेखाबद्दल सांगितले : ते कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, अशी नोंद दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलेली आहे. ज्यांनी काम केले त्यांची नावे लिहायची असतात. मग मुलांनी सर्वांची नावे लिहिली आणि रकाना लहान पडला म्हणून शीर्षकचौकट खाली ताणली. त्यासाठी कोणीतरी स्ट्रेच आज्ञाच वापरली, आणि माझ्याकडे वळून पाहिलेही नाही.

तो नकाशा शाळेच्या कार्यालयात लावलेला आहे आणि मूळ फाइल संगणक कक्षात ठेवलेली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना या क्षेत्राचा अनुभव आहे, त्यांनी महिन्यातून एखादा रविवार द्यावा. ज्यांच्याकडे चालता पण अडगळीत पडलेला संगणक आहे, त्यांनी तो शाळेला द्यावा. पालकांनी मुलाला एवढेच विचारावे, “तू काढलेला नकाशा दुसऱ्याला बदलता येईल का?” उत्तर ‘हो’ असेल, तर तो योग्य मार्गावर आहे.